काय दिसनं ते सांग

विमलअक्कांना भेटायला कुणीही आलं तरी त्या बहुतेक वेळा जमिनीवर आडव्या पडलेल्या असत. तलाठी येवो, बँकेचा साहेब येवो की मुंबईहून एखादा मोठा कलावंत येवो, अक्का शेडच्या मधोमध, फरशीवर उताण्या पडून, छताच्या पत्र्यांकडे बघत त्याच्याशी बोलायच्या. आलेला माणूस आधी ताठ उभा राहायचा, मग वाकून बोलायचा, मग मान अवघडली की मुकाट्याने शेजारी बसायचा. तालुक्याचे एक अधिकारी तर बोलता बोलता स्वतःच आडवे झाले होते. निघताना पँट झटकत ते म्हणाले, "बरं वाटतं हो इथे." अक्कांनी उठायची तसदी घेतली नाही.

मी पहिल्यांदा गेलो तो कुत्र्यासाठी. मी जनावरांचा डॉक्टर. तेव्हा माझी नेमणूक शिंदखेडा तालुक्यात होती. नरडाण्याजवळच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये एका बाईंचा कुत्रा लंगडतोय, येऊन जा, असा निरोप आला. मोटारसायकल बाहेर लावून आत गेलो. कधीकाळी कापसाने भरलेली ती शेड आता झाडून लख्ख केलेली होती. मधोमध एक पांढऱ्या केसांची, सलवार-कमीज घातलेली बाई निश्चल पडली होती आणि तिच्या कुशीला कुत्रा. माझे सगळे रोगी मुके. त्यामुळे काही विचारण्याआधी बघायची सवय हाताला लागलेली. मी बाईंचा श्वास चालू आहे का ते पाहायला खाली वाकलो. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "मी जित्ती शे, डाक्टर. पेशंट तो शे."

कुत्र्याचं नाव फलाट. नरडाणा स्टेशनच्या फलाटावर सापडला म्हणून फलाट. मी त्याला शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं, परत आणलं, पुन्हा चालवलं. औषध लिहून दिलं. तोवर अक्का कुशीवर वळून माझ्याकडे बघत होत्या. कुत्र्याकडे नव्हे, माझ्याकडे. "तू त्याले हात लावाना आधी लई येळ पाहत व्हता," त्या म्हणाल्या. "शनवारे येशी का?"

मला वाटलं, आणखी एखादं जनावर आहे. शनिवारी गेलो तर तिथे माणसं होती.

अक्का मूळच्या चाळीसगावकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न करायचं नाही, नाचायचं आहे, असं त्यांनी ज्या काळात घरी सांगितलं त्या काळात खानदेशात ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलायची सोय नव्हती. बडोद्याला शिकल्या, मग एका नृत्यसंस्थेबरोबर देशोदेशी फिरल्या. पुढे खुबा गेला. जळगावला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, पण मांडी घालून किंवा उकिडवं बसायला कायमची बंदी. अक्का बाजेच्या आधाराने एका कुशीवर घरंगळत थेट जमिनीवर आडव्या व्हायच्या आणि तशाच उलट्या क्रमाने थेट उभ्या व्हायच्या. "मी उभी ऱ्हास नईतर आडवी," त्या सांगायच्या. "मधलं माले नई." हे त्या हसत सांगत. मी जनावरांचा का होईना डॉक्टर असल्यामुळे ते हसणं मला कधी पुरतं पटलं नाही.

त्यांच्या भावाने नरडाण्याला घातलेली ही जिनिंग बंद पडली होती. ती शेड त्यांनी मागून घेतली आणि तिथे नव्या नृत्यकारांसाठी निवासी उपक्रम सुरू केला. दर हिवाळ्यात देशभरातून अर्ज येत. ज्यांनी अजून स्वतःचं असं काही रचलेलं नाही, दुसऱ्यांच्या रचनांमध्येच नाचत आलेत, अशांतून अक्का चार-सहा जण निवडत. त्यांनी तिथे राहायचं, जेवायचं आणि आपलं नृत्य शोधायचं. अक्का काही शिकवणार नाहीत. शेवटी प्रयोग झालाच पाहिजे असंही नाही. मुंबईची एक संस्था या सगळ्याला आधार द्यायची.

आता हे गावाला कसं समजावणार? गाव म्हणायचं नाचनी शाळा. अक्का चिडायच्या. शेवटी एका सकाळी दळण घेऊन जाणाऱ्या बायांना त्यांनी शेडच्या दारात थांबवलं आणि सांगितलं, "पोरनं पहिलं बाळंतपन माहेरले व्हस ना? तसंच शे हाई. येळवर खावाले द्यानं, झोपू द्यानं, कोनी काम सांगानं नई. बाकी तिनं ती दखी ली." बायांना ते तात्काळ पटलं. इतकं पटलं, की त्या वर्षापासून गावातून डिंकाचे लाडू यायला लागले. पुण्याचा दाढीवाला तरुणसुद्धा ते लाडू खाऊन गेला. आणि दुधाचा कॅन घेऊन येणारे आबा रोज दारातून विचारायचे, "काय व्हयनं अक्का? पोरगा का पोरगी?" अक्का आडव्या पडल्या पडल्या उत्तर द्यायच्या, "आते कळा चालू शेत."

दर शनिवारी ज्याचं जेवढं झालं असेल तेवढं त्याने दाखवायचं आणि मी बघायचं, हे माझं काम ठरलं. मला नृत्यातलं काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. अक्कांना तसाच माणूस हवा होता. पहिल्या शनिवारी एका मुलीचं नाचून झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मी सभ्य माणसासारखं म्हणालो, "छान झालं." अक्का फरशीवरून कडाडल्या, "लगीनले आला का तू? काय दिसनं ते सांग. कसं वाटनं ते तुनाजोडे ठेव."

मग मी सांगितलं. मुलगी कोपऱ्यातून निघाली. तीनदा खिडकीपाशी गेली, पण बाहेर एकदाही पाहिलं नाही. डावा हात शेवटपर्यंत कमरेलाच चिकटून होता. ती मुलगी आपल्या डाव्या हाताकडे असं बघायला लागली, की जणू तो तिला तिथेच सापडला.  अक्का कुणालाच काही बोलत नसत. चांगलं नाही, वाईट नाही. नाचून झालं, माझं सांगून झालं, की त्या दाखवणाऱ्याला एवढंच म्हणायच्या, "जेवी ले." मी कितीतरी मुलं बघितली, जी त्या दोन शब्दांत कौतुक शोधत भाकरी मोडत बसायची. मला ते निर्दय वाटायचं. तसं मी एकदा म्हणालोही. अक्का म्हणाल्या, "तू कुत्राले कौतुक सांगस का?" मी म्हणालो, सांगतो. त्यावर त्यांनी विषय बदलला.

बाहेरच्या मुलांशी अक्का मराठी, हिंदी, इंग्रजी, लागेल ते बोलत. पण सकाळी सगळ्यांना उठवायचं असलं, घाई असली किंवा राग आला की तोंडातून अहिराणीच यायची. आमच्या अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे. एका हिवाळ्यात इंदूरचा अर्पित नावाचा मुलगा आला होता. पहिल्याच सकाळी मुलं थंडीने अंग चोरून इकडे तिकडे रेलली होती. अक्का ओरडल्या, "बठ्ठा उभा ऱ्हा!" बाकीचे उभे राहिले. अर्पितने हिंदीतलं 'बैठा' ऐकलं. तो बिचारा आज्ञाधारकपणे खाली बसला. मग 'उभा' ऐकलं म्हणून उभा राहिला. आणि पुढचं काय ते न कळून अक्कांकडे बघत राहिला.

अक्का इतक्या हसल्या, की त्यांना भिंतीला धरावं लागलं. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "परत कर." त्याने परत केलं. "आते बठ्ठा करा." सगळ्यांनी केलं. एकत्र खाली बसायचं, एकत्र उठायचं, कुणी इशारा द्यायचा नाही, शेजाऱ्याच्या श्वासावरून ओळखायचं. तेव्हापासून शेडची प्रत्येक सकाळ याने सुरू व्हायची. अर्पित गेला, पुढच्या वर्षीची मुलं आली, त्यांना ते आपोआप शिकवलं गेलं. अक्कांनी "बठ्ठा उभा ऱ्हा" म्हटलं की सगळे आधी खाली बसत. अक्का मात्र उभ्या. त्यांना मधलं नव्हतं.

रोशनी आली ती यानंतरच्या एका हिवाळ्यात. रोशनी पावरा. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला तिचा पाडा. धुळ्याला कॉलेजात शिकत होती. कॉलेजात मंत्री आले, कुणी पाहुणे आले, की हिला कमरेला घुंगरं बांधून, डोक्यावर पिसं लावून समूहनृत्यात सगळ्यांत पुढे उभं करत. फोटो हिचाच छापून यायचा. अक्कांनी पहिल्या दिवशी विचारलं, का आलीस? ती म्हणाली, "मला एकदा माझं काहीतरी करायचंय. बाबांनी हा एकच हिवाळा दिलाय. नंतर नर्सिंगला जायचं ठरलंय." आणि थोडं थांबून म्हणाली, "मला जमतं का नाही, तेवढं एकदा कळू द्या. नसेल जमत तर मी सोडून देईन." अक्का तिला म्हणाल्या, "जेवी ले."

ती मुलगी शेडमध्ये नुसती बसायची. पहिले काही शनिवार माझी पंचाईत झाली. काय दिसलं म्हणून सांगू? बसलेली दिसली, एवढंच. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की ती दर वेळी वेगळी बसते आहे. ती मला म्हणाली, "डॉक्टरकाका, माझी आई कशी कशी बसते ते मी करून बघते." मोहाची फुलं वेचताना आई उकिडवी बसते आणि बसल्या बसल्या झाडाभोवती सरकत जाते. बाजारात डिंकाची पाटी पुढ्यात घेऊन बसते. धुळ्याच्या दवाखान्यात बाकडं रिकामं असलं तरी भिंतीशी जमिनीवर बसते. "तिला खुर्ची दाखवली तरी ती बसत नाही," रोशनी म्हणाली. "मी पुष्कळ भांडले तिच्याशी."

हिवाळा संपत आला तेव्हा मुंबईच्या संस्थेचे एक गृहस्थ पाहायला आले. त्यांना आवडेल ते काम मुंबईच्या महोत्सवात जाणार होतं आणि शेडला पुढच्या वर्षीही आधार द्यायचा की नाही, तेही या भेटीवर ठरायचं होतं. माणूस मृदू होता, जाणता होता. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. अक्का नेहमीप्रमाणे आडव्या नव्हत्या. पाहुण्यांच्या मागे, छताला आधार देणाऱ्या लोखंडी खांबाला पाठ लावून उभ्या होत्या. मी बाजूला.

रोशनीने सुरुवात केली. साधा परकर-पोलका, पायांत काही नाही, संगीत नाही. मोहाच्या झाडाखाली बसली, सरकली. बाजारात बसली. दवाखान्यात बसली. मग ती आमच्याकडे पाठ करून अगदी हळूहळू खाली बसायला लागली. उभं राहण्यापासून बसण्यापर्यंतचं सगळं अंतर तिने इतकं लांबवलं, की मला माझे स्वतःचे गुडघे जाणवायला लागले.

आणि तेव्हा माझं लक्ष अक्कांकडे गेलं. त्यांची पाठ खांबावरून खाली घसरत होती. रोशनीच्याच गतीने. गुडघे वाकले, आणखी वाकले. ज्या बाईला बसायची कायमची बंदी होती, ती खांबाला घासत खाली चालली होती. चेहरा वेदनेने पांढरा पडला होता, पण नजर रोशनीच्या पाठीवरून हलली नव्हती. मी धावणार होतो. त्यांनी एक बोट वर केलं. थांब. अर्ध्यापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. रोशनी वळायच्या आत, खांबाला दोन्ही हातांनी मागून धरून, पुन्हा वर आल्या. माझ्याकडे बघून तेच बोट ओठांवर ठेवलं.

रोशनीचं संपलं.  पाहुणे अगदी आपुलकीने म्हणाले, "सुंदर प्रयत्न आहे. पण यात तुमच्याकडची होळी आली, ढोल आला, तर महोत्सवात लोकांना चटकन जोडून घेता येईल. शेवटी तेवढं घालता का?" रोशनीने अक्कांकडे पाहिलं. तिचे खांदे आत गेले, तेही मला दिसलं.

अक्का मला म्हणाल्या, "डाक्टर, काय दिसनं ते सांग."

मी सांगितलं, "एकच बाई चार ठिकाणी बसली. मोहाखाली बसली तेव्हा तिची पाठ सैल होती. बाजारात पाठ ताठ झाली. दवाखान्यात तिने पाय आत ओढून घेतले, कुणाला वाटेत नको म्हणून. शेवटी कुठे बसली ते मला कळलं नाही, पण समोर कुणीतरी मोठं असणार. कारण टाचा टेकल्या नव्हत्या. उठ म्हटलं की लगेच उठता यावं, अशी ती बसली होती."

"पण डॉक्टर, तुम्हाला आवडलं का?" पाहुण्यांनी विचारलं.

"ते त्याले इचारू नका," अक्का म्हणाल्या. आणि मग स्वच्छ पुस्तकी मराठीत, "ढोल तिच्या बापाकडे आहे, साहेब. होळीला पाड्यावर या, ते वाजवतील. इथे ती माहेरी आली आहे. इथे तिला कुणी काम सांगत नाही."

पाहुणे रागावले नाहीत. जेवून, भरीत-भाकरीचं कौतुक करून गेले. रोशनीचं काम मुंबईला गेलं नाही आणि संस्थेचा आधार पुढच्या वर्षी आला नाही. त्या दिवशी सगळे पांगल्यावर रोशनी अक्कांसमोर उभी राहिली. काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून ती उभी होती, हे फलाटलासुद्धा कळलं असतं. अक्का म्हणाल्या, "जेवी ले." ती जेवली नाही. सामान घेऊन स्टेशनवर गेली.

मी अक्कांशी भांडलो. म्हटलं, तुम्ही खांबावरून घसरलात, खुबा निखळला असता, आणि त्या पोरीला एक शब्द सांगवत नाही? अक्का तेव्हा आडव्या होत्या. दुखत होतं, पण कबूल करत नव्हत्या. म्हणाल्या, "मी चांगलं म्हनी टाकं, तर आजपासून ती मनाकरता नाचाले लागी. मंग तिनं काय ऱ्हायनं?" मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. माणसाला कधी कधी कुणीतरी सांगावं लागतं. पण गप्प राहायचं मी बोटाच्या त्या खुणेला कबूल करून बसलो होतो.

रोशनी नर्सिंगला गेली. धुळ्याच्या एका दवाखान्यात लागली. नाच तिने सोडला, असं तिच्याबरोबरच्या एका मुलीकडून कळलं. अक्कांना मी ते सांगितलं तेव्हा त्या पत्र्यांकडे बघत राहिल्या. पुढची वर्षं त्यांनी एका वेळी एकाच मुलाला किंवा मुलीला बोलावून, स्वतःच्या ताटातलं वाढून काढली. लाडू येत राहिले. शनिवारी मी जात राहिलो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अक्का गेल्या. सकाळी दूधवाल्या आबांनी दारातून नेहमीचा प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही. आत फरशीवर त्या नेहमीसारख्याच पडलेल्या होत्या, त्यामुळे आबांना बराच वेळ काही वेगळं वाटलंच नाही.

शोकसभा शेडमध्येच झाली. जुनी मुलं कुठून कुठून आली. अर्पित इंदूरहून रात्रभराचा प्रवास करून आला. गाव आलं, लाडू करणाऱ्या बाया आल्या. रोशनी दवाखान्यातून थेट आली होती, ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच. दाराशी मला भेटली आणि काही प्रस्तावना न करता म्हणाली, "डॉक्टरकाका, अक्कांना माझं आवडलं नव्हतं ना?"

अक्कांना काय वाटलं, ते मला कसं ठाऊक असणार? मी म्हटलं, "ते मला सांगता येणार नाही. दिसलं ते सांगतो. तू पाठ करून बसायला लागलीस ना, तेव्हा अक्का त्या खांबाला टेकल्या होत्या. तुझ्याबरोबर त्याही खाली बसत होत्या. अर्ध्यापर्यंत गेल्या. तू वळायच्या आत वर आल्या."

तिने खांबाकडे पाहिलं. "त्यांना तर बसता यायचं नाही."

"नाही," मी म्हटलं.

 ती आत जाऊन खांबाजवळ उभी राहिली.

भाषणं सगळ्यांनी भिंतींना रेलून, इकडे तिकडे उभं राहून ऐकली. सरपंचांनी शेवटी सांगितलं, अक्कांसाठी दोन मिनिटं शांत राहू. आणि गावाकडे वळून रोजच्या अहिराणीत म्हणाले, "बठ्ठा उभा ऱ्हा."

जुनी मुलं सगळीच्या सगळी आधी खाली बसली. एका श्वासात. त्यांना त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही. गावकरी गोंधळले. मग आबा बसले, बाया बसल्या, सरपंचही इकडे तिकडे बघत बसले. आणि मग कुणीही इशारा न देता सगळी शेड एकत्र उभी राहिली. फक्त रोशनी उठली नाही. खांबाला पाठ लावून ती घसरत खाली गेली होती, अर्ध्यावर न थांबता, आणि सगळे उभे असताना ती तिथे बसून राहिली. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "ती काबरं उठत नई?" मी म्हटलं, बसू द्या.

मी नेहमीसारखं पाहिलं. तिची पाठ सैल होती. दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या होत्या.

काय दिसलं ते सांगितलं. कसं वाटलं तेही सांगतो, आता ओरडायला अक्का नाहीत. मला फार बरं वाटलं, आणि हे पाहायला त्या नव्हत्या म्हणून रडू आलं.